टपालखर्च वेगळा

जुन्या मासिकांत पुस्तकांच्या जाहिराती यायच्या. किंमत ठळक, आणि खाली बारीक टायपात एक ओळ: टपालखर्च वेगळा. मराठी प्रकाशकाचा अर्धा प्रामाणिकपणा त्या ओळीत असायचा. (उरलेला अर्धा लेखकाच्या मानधनाशी संबंधित आहे, त्यावर पुन्हा कधीतरी.) वेगळा म्हणजे वेगळा. पोस्टाचा काटा सांगेल तेवढा, आणि तो पोस्टालाच जाणार. व्हीपीपीनं मागवलं तर पोस्टमन दारात पैसे मोजून घ्यायचा, मगच पुडकं हातातून सोडायचा. ही व्हीपीपी आपल्याकडे १८७७ सालीच आली. तेव्हा 'कॅश ऑन डिलिव्हरी'चा शोध कुठल्या तरी अ‍ॅपनं लावला असं ज्या तरुण मंडळींना वाटतं, त्यांनी खापरपणजोबांच्या तसबिरीला एकदा नमस्कार करावा.

आता टपालखर्च वेगळा नसतो. आता तोच धंदा असतो, आणि वस्तू त्याच्याबरोबर भेट म्हणून येते.

ही अक्कल जगाला ऑनलाइन लिलावानं शिकवली. १९९५ साली अमेरिकेत पिएर ओमिडयार यांनी जी लिलावाची साइट काढली तीच पुढे ईबे झाली. बोली लागली की कंपनी विक्रेत्याकडून कमिशन घ्यायची, पण कशावर? लागलेल्या बोलीवर. पाठवणावळीवर नाही. एवढी फट धंदेवाल्याला पुष्कळ झाली. सीडी एका सेंटला, पाठवायचे चार डॉलर. कमिशन एका सेंटवर, बाकी सगळं 'पॅकिंग आणि हाताळणी'. खोक्याला चिकटपट्टी लावायची मजुरी इतकी असते हे अमेरिकेतल्या कामगारांनाही तेव्हाच कळलं असावं.

तनजीम हुसेन आणि जॉन मॉर्गन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी हे प्रकरण तपासून २००६ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी स्वतःच ईबेवर सीडी आणि गेम विकायला काढले. एका लिलावात सुरुवातीची बोली चार डॉलर, पाठवणं फुकट. दुसऱ्यात बोली एका सेंटपासून, पाठवणावळ तीन डॉलर नव्याण्णव सेंट. गिऱ्हाइकाच्या खिशातून कमीत कमी जाणार ते तेवढंच. पण दुसऱ्या प्रकारात बोलणारे जास्त आले आणि पैसेही जास्त मिळाले. विद्वानांना याचं नवल वाटलं. त्यांनी आमच्या कारंजा गावी येऊन कुठल्याही सोनाराच्या दुकानात अर्धा तास बसायला हवं होतं. भाव सगळे विचारतात. घडणावळ विचारायची आठवण होते ती बिल हातात पडल्यावर, आणि तोवर बांगडी हातात चढलेली असते.

२०११ मध्ये ईबेला जाग आली आणि कंपनीनं पाठवणावळीवरही कमिशन लावलं. गिऱ्हाइकाची लूट थांबवायला, असं सांगितलं गेलं. लूट थांबली की नाही ते जाऊ द्या, तिच्यात वाटा मात्र ठरला.

आता तारे.

एकमेकांचं तोंड न पाहिलेल्या माणसांत व्यवहार व्हायचा तर भरवसा कशाचा? म्हणून १९९६ मध्ये ओमिडयार यांनी शेऱ्यांची सोय केली. घेणाऱ्यानं देणाऱ्याबद्दल लिहायचं, देणाऱ्यानं घेणाऱ्याबद्दल. कल्पना उत्तम. पण तिची थोड्याच दिवसांत आपल्याकडच्या आहेराच्या वहीसारखी गत झाली. त्यांनी आपल्याला काय दिलं ते आधी पाहायचं, मगच पाकिटात नोट घालायची. गिऱ्हाइकाचा शेरा पडेपर्यंत विक्रेता आपला शेरा दाबून ठेवायचा. तू वाईट लिहिलंस तर मीही लिहीन. तेव्हा घड्याळ बंद निघालं तरी गिऱ्हाईक लिहायचं, 'उत्तम माणूस, झटपट सेवा'. शेवटी २००८ मध्ये ईबेनं विक्रेत्यांचा वाईट शेरा मारायचा हक्कच काढून घेतला. विक्रेत्यांनी त्या फेब्रुवारीत आठवडाभर माल न विकण्याचा बहिष्कार पुकारला. ईबे अजून आहे, त्यावरून काय झालं ते समजा.

पुढे नॉस्को आणि टाडेलिस या अभ्यासकांनी ईबेवरच्या विक्रेत्यांचे आकडे काढले. चांगल्या शेऱ्यांची सरासरी ९९.३ टक्के. विक्रेते ओळीनं उभे केले तर मधल्याचे पुरते १०० टक्के. इतकी सज्जन वस्ती जगात कुठल्याही गावात नाही. आमच्या तालुक्यात तर तंटामुक्त पुरस्कारासाठीही एवढी दाखवायची कुणाची छाती झाली नसती.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र ईबेनं खरोखर नेमकी केली होती. २००७ मध्ये त्यांनी ताऱ्यांचे चार कप्पे पाडले: वस्तू सांगितल्याप्रमाणे होती का, विक्रेता नीट बोलला का, माल वेळेत निघाला का, आणि पाठवणावळ रास्त होती का. चौथा कप्पा नीट पाहा. वरखर्चाला स्वतःचा तारा! गिऱ्हाईक थेट सांगू शकत होतं की बाबा, सीडी छान आहे, पण चिकटपट्टी फार महाग आहे. मग याचंही औषध निघालं. पाठवणं फुकट ठेवलं की त्या कप्प्यात आपोआप पाच तारे पडू लागले. झालं, जो तो पाठवणं फुकट करून वस्तूची किंमत तेवढ्यानं वर नेऊ लागला. आज आपण 'फ्री डिलिव्हरी' पाहून ज्या उत्साहानं बटण दाबतो त्याचा वंशवृक्ष हा असा आहे.

ताऱ्यांवर माझा विश्वास किती, ते मुंबईच्या घड्याळांवरून सांगतो. एचएमटीची घड्याळं १९६१ पासून बंगळुरात निघाली, जपानच्या सिटिझनच्या मदतीनं. जनता, पायलट ही नावं ज्यांना माहीत नाहीत त्यांनी वडिलांना विचारावं, दहावी पास झाल्यावर काय मिळालं होतं. या घड्याळांचा कारखाना बंद करायला केंद्रानं २०१६ मध्ये मंजुरी दिली. पण मुंबईतल्या कारागिरांनी जुन्या तबकड्या खरवडून, नव्यानं रंगवून घड्याळांना दुसरा जन्म दिला. कारखान्यानं कधी न काढलेली भगवी पायलट, हिरवी पायलट, निळ्यावर लाल काटा. ती ईबेवरून थोडक्या डॉलरांत युरोप-अमेरिकेत गेली. घड्याळं जमवणारे लोक या मालाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि ते कौतुकानं म्हणत नाहीत. पण शेरे? 'सुंदर घड्याळ, लवकर पोचलं.' खोटं काहीच नाही. घड्याळ सुंदर आहे, लवकर पोचलंही आहे. फक्त ते जे आहे असं वाटतं ते नाही, आणि ज्याला हे कळत नाही तो 'सांगितल्याप्रमाणे'च्या कप्प्यातही पाचच तारे देतो. मला स्वतःला त्या कारागिरांचं कौतुक वाटतं, हे जाता जाता. एवढ्या बारीक तबकडीवर ब्रशनं आकडे काढणारा हात पाच ताऱ्यांचाच. कप्पा चुकला, इतकंच.

ईबेचं भारतातलं दुकान १४ ऑगस्ट २०१८ ला मिटलं. युक्त्या मात्र इथंच राहिल्या आणि महामार्गानं कारंज्यापर्यंत आल्या.

कारंज्याची अडचण मुळात नावापासून. आमचं गाव कंसात राहतं. कारंजा (घाडगे), जिल्हा वर्धा. कंस खाल्ला की पार्सल कारंजा (लाड), जिल्हा वाशीम इथं जातं. एक कारंजा अमरावतीच्या अलीकडे, दुसरं पलीकडे, आणि शिवाय उरणजवळ समुद्रकाठी एक तिसरं आहेच. असली नावं एकमेकांत अडकू नयेत म्हणून तर १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी अधिकारी, शिवाय संस्कृतात कविता आणि नाटकं लिहिणारे. पहिले तीन आकडे ४४२ असले की वर्ध्याकडे, ४४४ असले की अमरावती-अकोल्याकडे. पन्नास वर्षं पोस्टातला माणूस ते आकडे वाचून पाकीट योग्य पिशवीत टाकत आला. खासगी कुरिअरच्या कुठल्याशा गोदामात मात्र अजून 'कारंजा' एवढंच वाचून खोकं गाडीत पडतं. वेलणकरांनी आकड्यांऐवजी श्लोक रचला असता तरी यांनी तो तेवढाच वाचला असता.

बरं, खोकं लाडांच्या कारंज्याला जाऊन आलं, तर त्या यात्रेचं भाडं कुणी भरायचं? विकणाऱ्यानं. धंद्यात याला 'आरटीओ झाला' म्हणतात: माल निघाला तिथं परत. जातानाचा खर्च, येतानाचा खर्च, आणि वर गिऱ्हाइकाचा एक तारा: 'वस्तू मिळालीच नाही, फसवणूक'. चुकलं गोदाम, तारा पडला विकणाऱ्यावर. या धंद्यात आकार लावणारा नेहमी वेगळा आणि तारे झेलणारा वेगळा असतो.

गावातल्या बचत गटातल्या एक ताई बांबूच्या टोपल्या ऑनलाइन विकतात. टोपली आठशे ग्रॅमची, किंमत अडीचशे. ताईंनी पाठवणावळ एक किलोची धरली. हिशेब आला तो साडेनऊ किलोंच्या वरचा. त्यांना वाटलं काट्यात खोट आहे. काटा बरोबर होता, मोजमाप वेगळं होतं. कुरिअरवाले खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरात घेतात, तिन्हींचा गुणाकार करतात आणि पाच हजारांनी भागतात. चाळीस गुणिले चाळीस गुणिले तीस, म्हणजे अठ्ठेचाळीस हजार. भागिले पाच हजार, म्हणजे ९.६ किलो. खरं वजन आणि हे वजन यांतलं जे जास्त, त्याचे पैसे. ताई म्हणाल्या, ''म्हंजे टोपल्यातल्या हवेचं भाडं भरू का मी?'' हो, ताई. गाडीत जागा हवेनंही अडते. नियम अन्यायाचा नाही, पण तो कुणी आधी सांगत नाही. सांगतात ते वजावट झाल्यावर.

ताईंनी मग काय केलं? एकात एक बसतील अशा पाच टोपल्या करायला घेतल्या आणि संच म्हणून लावल्या. खोकं तेच, हवा कमी, माल जास्त. व्यवस्थापनाची पदवी देणाऱ्या महाविद्यालयानं ताईंना व्याख्यानाला बोलवावं. प्रवासखर्च वेगळा.

त्या संचाला पहिला शेरा आला: 'टोपल्या खूप छान. कुरिअरवाला गावाबाहेर थांबला, मला फाट्यावर जावं लागलं. दोन तारे.' हे दोन तारे कुणाला? टोपलीला. ज्या पोरानं फाट्यावर उभं राहून फोन केला त्यालाही नाहीत, आणि 'दुर्गम भाग' म्हणून जादा आकार लावून वर गावात न येणाऱ्या कंपनीला तर नाहीतच.

पोचवणाऱ्या पोराची तऱ्हा आणखी निराळी. तो खोकं देतो, ओटीपी घेतो आणि घुटमळतो. ''भाऊ, पाच स्टार देऊन द्या ना. नाई तं इन्सेन्टिव्ह कटते.'' उन्हात पेट्रोल जाळत आलेल्या पोराला चार तारे देणारा माणूस मला माणूस वाटत नाही. मी पाचच देतो. तुम्हीही देता. म्हणून पाच ताऱ्यांना कवडीचीही किंमत नाही, हे कंपनीला माहीत आहे, पोराला माहीत आहे, आपल्यालाही माहीत आहे, तरीही कुणी चार दिले की त्याचे पैसे कापायला ते पुरतात.

काही विक्रेते तर खोक्यातच चिठ्ठी घालतात: पाच तारे द्या, फोटो पाठवा, पन्नास रुपये परत मिळवा. भारतीय मानक ब्यूरोनं ऑनलाइन शेऱ्यांसाठी २०२२ मध्ये मानक काढलं, आयएस १९०००. ते पाळणं ऐच्छिक आहे. खोट्या शेऱ्यांविरुद्ध ऐच्छिक नियम म्हणजे काय, ते समजावून सांगत बसत नाही. शेवटच्या पडद्यावर आकार वाढवत नेण्याच्या खोडीला केंद्रानं ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत तेरा फसव्या क्लृप्त्यांपैकी एक म्हणून नोंदवलं आहे. नोंद झाली हे चांगलंच. सातबारावरही पुष्कळ गोष्टींची नोंद असते.

उलट्या दिशेचा नमुनाही आहे. वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाच रुपयांचं नाणं लाखोंना जातं, असा निरोप फोनवर फिरतो. नाणं तुमच्याकडे, घेणारा दूर कुठंतरी. तो भाव पाडून मागत नाही, घासाघीस करत नाही. त्याला फक्त 'नोंदणी', 'कर' आणि 'पोचवणावळ' आधी हवी असते. विकणाऱ्यानंच पैसे भरायचे! रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये याबद्दल सावध केलं: आम्ही असल्या व्यवहारात नाही आणि असले आकार आम्ही मागत नाही. पाच रुपयांच्या नाण्यापायी पाच हजार घालवूनही लोक पोलिसांत जात नाहीत. लाज वाटते. आणि त्या भामट्याच्या खात्यावर तारे असतात, हे सांगायला नकोच.

वरखर्च लावण्यात आपले पूर्वज कच्चे होते असं समजू नका. मराठ्यांची वसुली आठवा: चौथाई म्हणजे पंचवीस टक्के, आणि वर सरदेशमुखीचे दहा. बंगालवर स्वाऱ्या करणारे नागपूरकर पहिले रघुजी भोसले या हिशेबात पक्के होते. काळानं त्याची परतफेड कशी केली पाहा. त्याच रघुजींची तलवार २९ एप्रिल २०२५ ला लंडनमध्ये सदबीजच्या लिलावात आली आणि महाराष्ट्र सरकारनं ती मिळवली. आकडा जाहीर झाला सत्तेचाळीस लाख पंधरा हजार, हाताळणी, वाहतूक आणि विम्याच्या खर्चासह. लिलावघर बोलीच्या वर आपला आकार घेणाऱ्याकडूनच लावतं, तोही त्यात आलाच. ऑगस्टमध्ये तलवार मुंबईत पोचली. पातं मुळात युरोपातलं, वर देवनागरीत रघुजींचं नाव सोन्यानं कोरलेलं. म्हणजे हा माल आधी तिकडून इकडे आला, मग इकडून तिकडे गेला, आणि आता पुन्हा आला. दोन फेऱ्यांचं भाडं आपण कुणाला विचारलं नाही. तिसरीचं मात्र बिल घेतलं, हा कारभार सुधारल्याचा पुरावा म्हणायला हरकत नाही. तलवार अस्सल, खर्च आधी सांगितलेला, माल योग्य राज्यात पोचला. माझे पाच तारे.

लिलाव तसा आम्हाला नवा नाही. आम्ही त्याला हर्रास म्हणतो आणि तो नागपूरच्या कळमना बाजारात रोज होतो. तिथंही भाव एक आणि पट्टी वेगळी: हमाली, तोलाई, गाडीभाडं. पूर्वी आडतही शेतकऱ्याच्याच माथी होती. जुलै २०१६ मध्ये सरकारनं फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी घेणाऱ्याकडून घ्यायला लावली. मोठा गाजावाजा झाला. आता आडत देणारा माणूस बोली लावताना तेवढी मनात धरूनच बोलत असेल, ही शंका त्या दोन अर्थशास्त्रज्ञांना आली नसती, पण संत्रा उत्पादकाला पहिल्याच हर्रासात आली.

आणि तारे? ट्रकभर संत्रा नेणाऱ्या व्यापाऱ्यासाठी एकही कप्पा नाही. अंबिया बहाराची बाग झाडावरच ठरते. व्यापारी येतो, बागेत फेरी मारतो, दोन फळं सोलतो, इसार देतो. भाव चढले तर गाड्या वेळेत लागतात. पडले तर फोन बंद. फळ झाडावर, शेतकरी बांधावर, आणि पुढच्या हंगामात तोच माणूस दुसऱ्या गावात दुसऱ्या नावानं हजर. ऑनलाइनवाल्यांचंही हेच दुखणं आहे. खातं बदनाम झालं की नवं काढायचं, मागचं सगळं पुसलं जातं. कंपन्यांना यावर अजून पक्का उपाय सापडलेला नाही.

आमच्याकडच्या एका म्हाताऱ्यापाशी आहे. सौदा करायला आलेल्या व्यापाऱ्याला त्यांनी आधी पाणी दिलं, मग विचारलं, ''मागच्या साली कोनाच्या वावरातून पयाला होता गा?''

''काका, मी तर या भागात पहिल्यांदाच आलो.''

''असं? मंग इसार डबल.''